पंतोजीचा करार आणि परीक्षेचें अनुदान
दक्षिण कोंकणांतील शाळांच्या अटींचा एक विचार

शिक्षणाचा इतिहास लिहितांना शाळा किती होत्या व त्यांत मुलें किती होतीं, याची मोजदाद करण्याकडे आपल्या अभ्यासकांचा कल विशेष दिसतो. ही मोजदाद अवश्य आहेच. परंतु शाळा ही जशी संस्था आहे, तसा तो एक करारही आहे. काय शिकवावें, किती मुदतींत शिकवावें, तें मुलास आलें कीं नाहीं हें कोणीं ठरवावें, आणि न आल्यास नुकसान कोणीं सोसावें, या चार प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक काळीं कोणत्या ना कोणत्या अटींनीं बांधलेलीं असतात. कधीं या अटी तोंडी असतात, कधीं सरकारी नियमांच्या पुस्तकांत छापलेल्या असतात. मालवण, वेंगुर्लें, देवगड, सावंतवाडी इत्यादि जो मुलूख १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा या नांवानें ओळखला जातो, त्या मुलखाच्या अनुरोधानें या अटींचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमचें प्रतिपादन थोडक्यांत असें कीं, करारांत जें मोजलें जातें तेंच शाळेंत टिकतें. म्हणून मोजणारा कोण आणि तो कोणास मोजीत नाहीं, हे या इतिहासांतील मुख्य प्रश्न होत.

१. तोंडी करार

इंग्रजी अमल येण्यापूर्वींची आमची गांवशाळा म्हणजे पंतोजीची शाळा. देवळाची पडवी, एखाद्या गृहस्थाची ओसरी किंवा पंतोजीचें स्वतःचें घर हीच तिची इमारत. १८२० ते १८३० या दशकांत मुंबई सरकारनें आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडून जी माहिती मागविली, तींत इलाख्यांतील १,७०५ शाळा व सुमारें ३५,००० मुलें नोंदलीं गेलीं. यांपैकीं सरकारच्या शाळा अवघ्या २५ होत्या. बाकीच्या सर्व लोकांनीं आपल्या गरजेपुरत्या चालविलेल्या होत्या. या कागदांचें महत्त्व प्रथम रा. वि. परुळेकर यांनीं साक्षेपानें पुढें मांडलें, हें अभ्यासकांस विदित आहेच.

या शाळांचा अभ्यासक्रम आटोपशीर होता. धूळपाटीवर मूळाक्षरें व बाराखडी, नंतर अंक, उजळणी, पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी. पुढें मोडी अक्षराचा कित्ता, पत्राचा मायना आणि व्यवहाराचा हिशेब. छापील पुस्तकाचा येथें संबंधच नव्हता. पंतोजीचें वेतन कोठें रोकड, कोठें धान्य, कोठें सणावारीं शिधा असें येई. आणि इलाख्याच्या कित्येक भागांत मुलानें एक टप्पा ओलांडला म्हणजे पंतोजीस वेगळा कांहीं लाभ देण्याची चाल होती. म्हणजे फलाप्रमाणें मोबदला हें तत्त्व कांहीं साहेबानें विलायतेहून आणलें नाहीं. तें आमच्या ओसरीवर आधींपासून नांदत होतें.

फरक होता तो परीक्षकांत. पंतोजीच्या शाळेंत परीक्षेचा दिवस असा नव्हताच. रोज दिवेलागणीस घरीं परवचा होई आणि वडीलधारीं माणसें ती ऐकत. आलेलें पत्र मुलानें वाचून दाखविलें, बाजाराचा हिशेब तोंडीं केला, कीं परीक्षा उतरली. जो पैसे देई तोच पारखी, आणि जें शिकविलें जाई तें त्याच्याच गरजेंतलें. करार लहान होता, पण त्याचीं दोन्ही टोकें एकाच गांवांत होतीं.

तथापि या कराराचें गुणगान करतांना त्याच्या बाहेर कोण राहिलें हें विसरतां कामा नये. मुली यांत जवळजवळ नव्हत्या. ज्यांस अस्पृश्य मानलें जाई त्यांच्या मुलांस ओसरीवर पायच ठेवतां येत नसे. मोबदला देण्यास ज्याच्यापाशीं धान्यही नसे, त्याचें मूल शेतांत किंवा होडीवर. पाठांतराचा अर्थ विचारण्याची सोय नव्हती आणि छडीवर कोणाची देखरेख नव्हती. लहान करार म्हणजे न्याय्य करार असें समीकरण आम्ही मांडूं इच्छीत नाहीं.

२. पुस्तक आणि तपासनीस

मालवण १८१२ सालीं कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आलें, आणि वेंगुर्लेंही त्याच सालीं सावंतवाडीकरांकडून गेलें. सावंतवाडी संस्थानाचा कारभार १८३८ पासून इंग्रजांच्या हातीं होता व तें संस्थान १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. अशा रीतीनें या किनाऱ्यावर एकाहून अधिक राजवटी नांदल्या. परंतु शिक्षणाचा सांचा हळूहळू एकच होत गेला.

त्या सांच्याची सुरुवात माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या १३ डिसेंबर १८२३ च्या टिपणांत दिसते. गांवोगांवच्या शाळांची अध्यापनपद्धति सुधारणें, त्यांची संख्या वाढविणें आणि शालेय पुस्तकें पुरविणें हीं कलमें त्यांत अग्रस्थानीं आहेत. १८२२ सालीं निघालेल्या व पुढें बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या संस्थेनें पुस्तकांचें काम अंगावर घेतलें. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीति १८२८ सालीं निघाली ती याच खटपटींतून. शाळेंत पुस्तक आलें म्हणजे अभ्यासक्रम गांवाच्या हातून निसटून मुंबईच्या हातीं गेला, हा परिणाम त्या वेळीं फारसा कोणाच्या ध्यानांत आला नसावा.

या घडामोडींत आमच्या किनाऱ्याचा वांटा मोठा आहे. देवगड तालुक्यांतील पोंभुर्लें गांवचे बाळशास्त्री जांभेकर हे त्या सोसायटीच्या कामांत पुढें आले, १८३२ सालीं त्यांनीं 'दर्पण' काढलें, आणि १८४५ सालीं मुंबईस शिक्षक तयार करण्याचा जो वर्ग उघडला तो त्यांच्याच देखरेखीखालीं. पुढच्याच वर्षीं ते वारले. शिक्षक तयार करण्याचा वर्ग ही कराराच्या दृष्टीनें फार मोठी घटना होय. पंतोजीची लायकी आजवर गांव ठरवीत असे. ती यापुढें दूरच्या एका संस्थेचा दाखला ठरवूं लागला.

दुसरें उदाहरण डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजीं मालवण येथें झाला. रत्नागिरीच्या सरकारी शाळेंत त्यांनीं अध्ययन केलें आणि १८६५ सालीं त्याच गांवच्या हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक झाले. त्यांचीं संस्कृताचीं दोन पाठ्यपुस्तकें पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातीं राहिलीं. ज्या मुलखाची परीक्षा घेतली जात होती त्याच मुलखांतील माणसें परीक्षेचा पाठ लिहूं लागलीं होतीं, ही गोष्ट येथें नमूद करणें अगत्याचें आहे. सांचा परका होता. तो घडविणारे सर्वच हात परके नव्हते.

३. छापील करार

१९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदान देण्याचें धोरण ठरविलें, व १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें निघालें. अनुदान द्यावयाचें तर कशावर, हा प्रश्न लगेच उभा राहिला. इंग्लंडांत रॉबर्ट लो यानें १८६२ च्या सुधारलेल्या नियमांनीं याचें रोखठोक उत्तर दिलें होतें. वाचन, लेखन व गणित या तीन विषयांची परीक्षा घ्यावी. मुलामागें ठरलेल्या आठ शिलिंगांतून नापास झालेल्या प्रत्येक विषयापोटीं दोन शिलिंग आठ पेन्स कापावे. आणि हजेरीच्या सरासरीवर मुलामागें चार शिलिंग वेगळे द्यावे. शिक्षण चांगलें नसलें तर तें निदान स्वस्त तरी पडेल, हा त्यांतील हिशेब. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नोल्ड यानें या पद्धतीस कडकडून विरोध केला, पण तो त्या वेळीं चालला नाहीं.

हेंच तत्त्व लवकरच मुंबई इलाख्यांत आलें व पुढें कित्येक वर्षें खाजगी शाळांच्या अनुदानाचा मुख्य पाया होऊन राहिलें. कराराचा आशय असा होता: शाळेनें खात्याच्या इयत्ता पाळाव्या, हजेरीपट ठेवावा, तपासणीस हरकत करूं नये, आणि नेमल्या दिवशीं दिपोटीसाहेबापुढें जितकीं मुलें ज्या इयत्तेच्या परीक्षेस उतरतील त्या मानानें शाळेस पैसे मिळावे. वरवर पाहतां हा पंतोजीच्याच कराराचा विस्तार दिसतो; टप्पा ओलांडला कीं मोबदला. परंतु वर्षभराच्या परवच्याच्या जागीं आतां एक दिवस आला होता, आणि पारखी गांवचा न राहतां परगांवचा झाला होता.

त्या एका दिवसाचा भार शिक्षकाच्या पोटावर पडे. जें मूल आधींच वरच्या इयत्तेस उतरण्याजोगें आहे त्याजकडे लक्ष देण्याची गरज नाहीं; जें कधींच उतरणार नाहीं त्याजकडे लक्ष देणें परवडत नाहीं; मधल्या मुलांस घोकून घेणें तेवढें फायद्याचें. हा शिक्षकाच्या नीतीचा दोष नव्हे, कराराच्या अटीचा परिणाम होय.

४. समुद्रकांठचें वर्ष आणि खात्याचें वर्ष

हा करार कोणत्या मुलखावर बसविला जात होता तें पाहूं. मृगाबरोबर लावणीचीं कामें सुरू होतात आणि मुलें शेतांत लागतात. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा झाली म्हणजे गाबितांचे होडके पाण्यांत उतरतात व पुढील पावसाळ्यापर्यंत मासेमारी चालते. जीं मुलें लावणीस शेतांत किंवा मोसमांत किनाऱ्यावर असतात, त्यांच्या गैरहजेरीची हजेरीपटांत एकच नोंद होते, ती खाडा. ऋतूप्रमाणें काम करणाऱ्या घरांचें मूल हजेरीवर पैसे देणाऱ्या करारांत तोट्याचें ठरतें, हें उघड आहे.

दुसरी गोष्ट मुंबईची. या किनाऱ्याचे चाकरमानी गिरण्यांत, गोदींत व घरकामास मुंबईस जात. १८८० सालीं टपाल खात्याची मनीऑर्डर सुरू झाली, तेव्हांपासून घरच्या चुलीचा संबंध पोस्टमनशीं जडला. मागें राहिलेल्या आईस किंवा बायकोस शाळेपासून काय हवें होतें? आलेलें पत्र वाचतां यावें, उत्तर लिहितां यावें, आलेले पैसे मोजून घेतां यावे. ही गरज जुन्या मोडी शाळेच्या जवळची होती. पण ती ज्या स्त्रियांची होती त्यांस जुन्या करारानें पाटी दिली नाहीं, आणि नव्या करारानें त्यांच्या गरजेवर एक पैही ठेवली नाहीं.

हंटर कमिशनापुढें १९ ऑक्टोबर १८८२ चें जें निवेदन महात्मा जोतीराव फुले यांनीं सादर केलें, त्यांत या कराराचें मर्म अचूक पकडलें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, गरीब व शिक्षणाविषयीं उदासीन असलेल्या लोकांत निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगाची नाहीं. कारण ज्या वस्तींत विद्येची गोडीच लागलेली नाहीं तेथें स्वतःच्या हिंमतीवर शाळा काढणाऱ्या शिक्षकाचें पोट भरणार नाहीं. सबब गोडी लागेपर्यंत तेथें सरकारनेंच शाळा चालवाव्या. शिवाय मोडी, बालबोध व हिशेबाबरोबर शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान अभ्यासक्रमांत असावें, आणि तपासणी वर्षांतून एकदांच न होतां वारंवार, तीही पूर्वसूचनेवांचून व्हावी, अशी त्यांची मागणी होती. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पैसा या तिहींचा एकत्र विचार करणारें इतकें स्पष्ट मराठी मत त्या काळांत दुसरें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ज्या कमिशनाचे काशिनाथ त्रिंबक तेलंग हे एक सभासद होते, त्या कमिशनानें देशी शाळांच्या अभ्यासक्रमांत ढवळाढवळ करूं नये असें सांगितलें खरें. पण त्यांस मदत देण्यासाठीं निकालाचाच मार्ग योग्य ठरविला. अभ्यासक्रम तुमचा, परीक्षा आमची, असा हा तह. असा तह टिकत नसतो. परीक्षेचा मालक तोच अखेरीस अभ्यासक्रमाचा मालक होतो. पुढील वीस वर्षांत जुन्या पद्धतीच्या शाळा कांहीं खात्याच्या सांच्यांत शिरल्या, कांहीं बंद पडल्या, आणि १९०२ च्या सुमारास देशी पद्धत म्हणून जवळजवळ कांहींच उरलें नाहीं.

५. अट मोडली, संवय राहिली

इंग्लंडांत १८९० नंतर ही पद्धत क्रमाक्रमानें मोडीत निघाली. हिंदुस्थानांत ११ मार्च १९०४ च्या ठरावानें कर्झनच्या सरकारनें तिला निरोप दिला. मात्र अट गेली तरी एका दिवसावर वर्ष तोलण्याची संवय गेली नाहीं. खेड्यांतील मुलास व्हर्नाक्युलर फायनल ही नोकरीची पायरी झाली, मॅट्रिक ही दुसरी. आणि १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी. नें घेतली.

अटीचा उपयोग दार लावण्याप्रमाणेंच दार उघडण्यासाठींही होतो, हेंही सांगितलें पाहिजे. भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनीं ऑगस्ट १९२३ मध्यें मुंबईच्या कायदे कौन्सिलांत जो ठराव संमत करून घेतला, त्यांत पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या असाव्या असें होतें. कोणाचें मूल वर्गांत मोजलें जावें, हें कलम गांवच्या तोंडी करारांत कधींच आलें नसतें. तें लिहूनच घ्यावें लागलें.

आज रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचें कोंकण विभागीय मंडळ स्वतंत्र आहे, आणि २०१२ पासून दहावीच्या निकालांत त्याचा क्रमांक राज्यांत सातत्यानें वरचा राहिला आहे. ही अभिमानाची गोष्ट होय. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत मुलास मागें ठेवूं नये असें ठरविलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस परीक्षेची वाट पुन्हां मोकळी केली. म्हणजे पारखी कोण व कधीं, हा वाद ओसरीवरून सुरू होऊन अद्यापि मिटलेला नाहीं.

शेवटीं एक विनंती. या कराराचा खरा पुरावा विलायतेच्या दप्तरखान्यांत जितका आहे, तितकाच शाळाशाळांतील जनरल रजिस्टरांत, हजेरीपटांत आणि तपासनिसांच्या शेरेबुकांत आहे. कोणतें मूल कोणत्या महिन्यांत शाळा सोडून गेलें, सोडण्याचें कारण काय लिहिलें, दिपोटीनें काय विचारलें, हें तेथेंच सांपडेल. पटसंख्या घटल्यामुळें खेड्यांतील जुन्या शाळा बंद होत आहेत किंवा दुसऱ्या शाळांत मिळविल्या जात आहेत. शाळेस कुलूप लागलें म्हणजे कपाटांतील कागदांची काळजी कोणीच घेत नाहीं. आणि कोंकणांतला पाऊस व वाळवी कोणाची वाट पाहत नाहींत. ज्यांच्या गांवीं असे कागद असतील त्यांनीं शिक्षकांच्या अनुमतीनें त्यांच्या नकला किंवा छायाचित्रें करून ठेवावीं, आणि मूळ कागद कोरड्या जागीं सुरक्षित राहतील अशी तजवीज करावी. ज्या मुलांस त्या काळच्या करारानें मोजलें नाहीं, त्यांचें नांव कोठें उरलेंच असेल तर तें या पानांच्या समासांत उरलें असेल.