इन्जेन्युइटी (मंगळावरील हेलिकॉप्टर)

इन्जेन्युइटी : मंगळ ग्रहाच्या वातावरणात उडालेले पहिले हेलिकॉप्टर आणि पृथ्वीखेरीज अन्य ग्रहावर स्वतःच्या शक्तीने व नियंत्रित रीतीने उड्डाण करणारे पहिले वाहन. नावाचा अर्थ कल्पकता असा आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या अवकाश संस्थेसाठी कॅलिफोर्निया राज्यातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या प्रयोगशाळेने ते तयार केले. १९ एप्रिल २०२१ ते १८ जानेवारी २०२४ या काळात त्याची ७२ उड्डाणे झाली. पाच उड्डाणांच्या चाचणीसाठी पाठविलेले हे यंत्र सु. एक हजार मंगळदिन कार्यरत राहिले.

परग्रहाच्या वातावरणात मानवनिर्मित वस्तू संचार करण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. जून १९८५ मध्ये सोव्हिएट रशियाच्या व्हेगा–१ व व्हेगा–२ या यानांनी शुक्राच्या वातावरणात फुगे सोडले होते. तथापि ते वाऱ्याबरोबर वाहत गेले. ठरविलेल्या दिशेने जाणे व ठरविलेल्या जागी उतरणे हे इन्जेन्युइटीमुळे प्रथमच साध्य झाले.

रचना : मंगळावरील वातावरणाची घनता पृथ्वीच्या पृष्ठभागालगतच्या हवेच्या सु. एक टक्का आहे. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सु. ३८ टक्के असल्याने वजन कमी भरते, परंतु तेवढ्याने विरळ हवेची उणीव भरून निघत नाही. म्हणून वाहन अत्यंत हलके ठेवणे आणि पंख्यांचा वेग पुष्कळ वाढविणे हे दोन्ही उपाय योजावे लागले. हेलिकॉप्टरचे वस्तुमान १.८ किग्रॅ. व उंची सु. ४९ सेंमी. होती. एकाच आसावर एकावर एक बसविलेले, सु. १.२ मी. व्यासाचे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी मिनिटाला सु. २,५०० फेरे या वेगाने फिरत. त्यामुळे सर्वसाधारण हेलिकॉप्टरला आवश्यक असणाऱ्या शेपटीकडील पंख्याची गरज राहिली नाही. पंख्यांच्या वर सौर घटांचे तावदान होते व त्यावर लिथियम-आयन विद्युत् घटमाला भारित होई. रात्री तापमान उणे ९० अंश से.पर्यंत उतरत असल्याने साठविलेल्या ऊर्जेचा मोठा भाग यंत्रणा उबदार ठेवण्यातच खर्च होई. उड्डाणे अल्पकाळाची असण्याचे हे एक कारण होते.

प्रकल्पाच्या प्रमुख मिमी आँग, तर मुख्य अभियंता जे. बलराम हे होते. बलराम यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले होते.

मार्गनिर्धारण : मंगळावर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविण्याची सोय नाही. संदेश पृथ्वीवरून पोहोचण्यास कित्येक मिनिटे लागतात; त्यामुळे पृथ्वीवरून प्रत्यक्ष नियंत्रण अशक्य होते. उड्डाणाचा आराखडा आधी पाठविला जाई आणि वाहन तो स्वतः अंमलात आणी. उड्डाण संपल्यावर त्याचे वृत्त प्रथम पर्सिव्हिअरन्स या फिरत्या वाहनाकडे, तेथून मंगळाभोवतीच्या उपग्रहांकडे व नंतर पृथ्वीकडे येई. म्हणजे वैज्ञानिकांना उड्डाण कळे ते नेहमी घडून गेल्यानंतर.

हवेत असताना तळाशी बसविलेला कृष्णधवल कॅमेरा जमिनीची सेकंदाला ३० छायाचित्रे घेई. त्यांतील खडे, खडक व सावल्या यांच्या खुणा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात किती सरकल्या यावरून संगणक स्वतःची गती ठरवी. उंची लेसर किरणांनी, तर कल व गतीतील बदल अन्य संवेदकांनी मोजले जात. या पद्धतीत दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या : जमीन सपाट असावी आणि तिच्यावर ओळखता येण्याजोग्या खुणा असाव्यात. हेलिकॉप्टरचा पुढील इतिहास बहुतांशी या दोन गृहीतांच्या मर्यादांचा इतिहास आहे.

पहिली उड्डाणे : पर्सिव्हिअरन्सच्या पोटाशी बांधलेले हे हेलिकॉप्टर ३० जुलै २०२० रोजी प्रक्षेपित झाले व १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात पोहोचले. प्राचीन काळी या विवरात सरोवर होते व त्यास मिळणाऱ्या नदीने त्रिभुज प्रदेश निर्माण केला होता. ३ एप्रिल रोजी हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवण्यात आले. पंखे पूर्ण वेगाने फिरविण्याची ९ एप्रिलची चाचणी संगणकाच्या क्रमातील अडचणीमुळे अर्धवट थांबली व उड्डाण लांबणीवर पडले. अखेर १९ एप्रिल रोजी ते ३ मी. उंच गेले व ३९.१ सेकंदांनी खाली उतरले. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाच्या कापडाचा लहानसा तुकडा त्याच्या सौर तावदानाखाली लावलेला होता. ३० एप्रिलच्या चौथ्या उड्डाणात त्याने २६६ मी. अंतर कापले आणि ७ मे रोजी पाचव्या उड्डाणात ते प्रथमच नव्या जागी उतरले. यानंतर चाचणीचे स्वरूप संपून ते पर्सिव्हिअरन्सच्या पुढील वाटेची टेहळणी करू लागले.

अडचणी व सुधारणा : २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात ५४ व्या सेकंदास एक छायाचित्र गहाळ झाले. त्यापुढील प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ नोंदली गेल्याने संगणक आपली गती चुकीची समजू लागला व हेलिकॉप्टर हेलकावे खाऊ लागले. उतरण्याच्या अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यावर विसंबू नये अशी योजना असल्याने मात्र ते नियोजित जागेपासून ५ मी.च्या आत सुखरूप उतरले. ५ जुलै रोजी नवव्या उड्डाणात ते सेइता या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशावरून ६२५ मी. गेले. फिरत्या वाहनास हा प्रदेश दुर्गम होता. हेलिकॉप्टरच्या संगणकास तो सपाट वाटणार हेही माहीत होते. म्हणून काही ठिकाणी वेग कमी ठेवण्यात आला.

ऋतुमानानुसार हवा आणखी विरळ झाली, तेव्हा पंख्यांचा वेग मिनिटाला २,७०० फेऱ्यांपर्यंत नेऊन चाचणी घेण्यात आली. मे २०२२ मध्ये धूळ व हिवाळा यांमुळे घटमाला रात्री रिती होऊन घड्याळ चुकले व काही काळ संपर्क तुटला. त्यानंतर रात्री ऊब देण्याची मर्यादा कमी करावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी संगणकप्रणाली पाठविण्यात आली. तीत उंचसखलपणाचे नकाशे अंतर्भूत होते व उतरण्यासाठी धोकारहित जागा शोधण्याची क्षमता होती. अशा रीतीने पहिले गृहीत, सपाट जमिनीचे, पुष्कळसे दूर झाले. २६ एप्रिल २०२३ च्या ५२ व्या उड्डाणानंतर मध्ये टेकडी आल्याने ६३ दिवस त्याचा संदेश मिळू शकला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने २४ मी. ही सर्वाधिक उंची आणि सेकंदाला १० मी. हा सर्वाधिक वेग गाठला. डिसेंबरमध्ये ६९ व्या उड्डाणात ७०५ मी. हे एका उड्डाणातील सर्वाधिक अंतर पार केले.

अखेर : दुसरे गृहीत, जमिनीवरील खुणांचे, मात्र कायम राहिले. जानेवारी २०२४ मध्ये हेलिकॉप्टर वाळूच्या तरंगांनी भरलेल्या, जवळजवळ खडकविरहित प्रदेशात होते. ६ जानेवारीचे ७१ वे उड्डाण त्यास अर्ध्यावर सोडावे लागले. यंत्रणा तपासण्यासाठी १८ जानेवारी रोजी ७२ वे, सरळ वर जाऊन परत उतरण्याचे उड्डाण योजिले होते. ते १२ मी. उंच गेले, काही सेकंद स्थिर राहिले व खाली येताना जमिनीपासून सु. १ मी.वर असता संपर्क तुटला. संपर्क पुन्हा जुळल्यावर मिळालेल्या छायाचित्रात पात्याच्या सावलीचे टोक तुटलेले दिसले. २५ जानेवारी रोजी उड्डाणे संपल्याचे जाहीर करण्यात आले.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गुळगुळीत वाळूवर पुरेशा खुणा न सापडल्याने संगणकास आडव्या गतीचा अंदाज आला नाही. हेलिकॉप्टर वेगाने सरकत वाळूच्या उतारावर आदळले व कलंडले. त्या झटक्याने चारही पाती टोकाकडून सु. एक-तृतीयांश अंतरावर मोडली. नंतरच्या कंपनांमुळे एक पाते मुळापासून निखळले. पडताळणीस कोणी साक्षीदार नव्हता. छायाचित्रे व मोजक्या नोंदी यांवरूनच हा क्रम जुळविण्यात आला.

७२ उड्डाणांत हेलिकॉप्टर सु. १२९ मिनिटे हवेत होते व त्याने सु. १७ किमी. अंतर कापले. भ्रमणध्वनीत वापरला जाणारा, अवकाशासाठी खास न बनविलेला संगणकही मंगळावर दीर्घकाळ टिकतो, असे त्यातून दिसून आले. पाती तुटल्यावरही त्याचा संगणक चालू होता. १६ एप्रिल २०२४ रोजी चमूने त्याचा अखेरचा संदेश स्वीकारला. दररोज जागे होऊन तापमानाची नोंद व समोरच्या भूमीचे छायाचित्र साठवावे, असा कार्यक्रम त्यास देण्यात आला होता. सु. वीस वर्षांच्या नोंदी मावतील एवढी त्याच्या स्मृतीची क्षमता आहे. भविष्यात एखादे यान वा मानव तेथे पोहोचल्यास त्या वाचता येतील.