तालीम आणि सौष्ठव

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन घरी नांदतो. मल्ल जेथे मेहनत करतात ती तालीम, आणि नाटक उभे राहण्यापूर्वी नटमंडळी जी उजळणी करतात तीही तालीमच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘शिक्षण’ एवढाच. परंतु बलाची मेहनत आणि कलेची मेहनत एकाच नावाने ओळखली गेली, की त्या दोन्ही एकच होत, असा समज होण्यास वेळ लागत नाही. मुलीला नृत्य शिकवावयाचे ना, मग तिला आधी जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात घाला, म्हणजे अंग लवचीक होईल, असा सल्ला पालकांना हल्ली मिळत असतो. उलट, नर्तकाचे अंग घडते ते बॅलेनेच, असे म्हणणारा दुसरा पक्षही आहे. वादाचा निवाडा करावयाचा, तर वादी-प्रतिवादींची वंशावळ प्रथम पाहिली पाहिजे.

बॅले हे राजदरबाराचे अपत्य. फ्रान्सचा राजा चौदावा लुई हा स्वतः नाचणारा होता. त्याने १६६१ साली पॅरिस येथे नृत्याची राजकीय अकादमी स्थापिली. पायांची पाच मूलस्थाने निश्चित करण्याचे श्रेय त्याचा नृत्यगुरू पिएर बोशां यास दिले जाते. या स्थानांचा पाया एकच; तो म्हणजे पाय खुब्यापासून बाहेर वळलेले असणे. प्रेक्षकांकडे तोंड ठेवूनच बाजूस सरकता यावे, पाय उंच गेला तरी धड वाकडे होऊ नये, ही त्यामागील सोय. पुढे कार्लो ब्लासिस याने १८२० साली मिलान येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शिक्षणास शास्त्राची शिस्त आणली, आणि रशियातील आग्रिपीना वागानोव्हा यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात त्याची क्रमवार पद्धती मांडली. आजही बॅलेचा पाठ दांडीला धरून गुडघे वाकविण्यापासून सुरू होतो. उड्या येतात त्या अखेरीस.

जिम्नॅस्टिक्सचा उगम मात्र पराभवात आहे. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा पाडाव केला. त्या अपमानाने पेटलेल्या फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ साली बर्लिननजीक हाझेनहायडे येथे तरुणांसाठी उघडे व्यायाममैदान सुरू केले. डबलबारचा प्रसार त्याच्याच खटपटीने झाला. स्वीडनने १८०९ साली फिनलंड गमावले, आणि १८१३ साली स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग याने व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था काढली. आपल्याकडेही दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली ती मल्लांकरिता, नर्तकांकरिता नव्हे. एकीचे लक्ष्य राजसभा, तर दुसरीचे रणांगण.

हा कुळाचा भेद अंगातही उतरतो. व्यायामपटू उडी घेऊन भूमीवर येतो तेव्हा ते त्याच्या पराक्रमाचे पूर्णविराम असते; पाऊल जरा सरकले तरी गुण कापले जातात. नर्तक भूमीवर येतो ते पुढील पदन्यासासाठी. त्याचे उतरणे हा स्वल्पविराम होय. म्हणून बॅलेत पाऊल बोटांपासून टाचेपर्यंत क्रमाने आणि नीरवपणे टेकविण्याची सवय वर्षानुवर्षे लावतात. स्त्रियांच्या जमिनीवरील व्यायामाचा अवधी फार तर दीड मिनिट; नर्तकीस तासभर, कधी त्याहूनही अधिक, तोच श्वास पुरवून वापरावा लागतो. आणि व्यायामात अवघडपणालाच गुण आहेत. नृत्यात अवघड ते सहज दिसावे लागते.

दोहोंचा संयोग होऊ शकत नाही असे मात्र नाही. सोव्हिएत व्यायामपटू लारिसा लातिनिना यांनी बालपणी खेर्सोन येथे प्रथम बॅलेचे धडे घेतले होते. १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकांत त्यांनी १८ पदके मिळविली, आणि हा विक्रम २०१२ पर्यंत अबाधित राहिला. नृत्याने व्यायामास दिलेले हे देणे. दुसरी साक्ष मात्र पालकांनी सावधपणे ऐकावी. १९७६ साली माँट्रियल येथे १४ वर्षांच्या नादिया कोमानेची हिने पूर्ण १० गुण मिळविले, आणि जगाची दृष्टी लहान मुलींकडे वळली. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेस वयाची किमान मर्यादा १९८१ साली १५ वर, आणि १९९७ साली १६ वर न्यावी लागली. कोवळ्या हाडांवर किती भार घालावा, याचा हा उशिरा आलेला विचार होय.

हा विवेक आपणांस परका नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या नाट्यशास्त्रात भरतमुनींनी चारींच्या प्रकरणात व्यायामाचा विचार केला आहे. तेलाने अंग मर्दून घ्यावे, पौष्टिक आहार घ्यावा, थकलेल्या, भुकेल्या वा अतिभोजन केलेल्या माणसाने व्यायाम करू नये, असा त्यांचा दंडक आहे. त्याच ठिकाणी ते ‘सौष्ठव’ सांगतात: अंग स्थिर, फार ताठ नाही आणि फार वाकलेलेही नाही, कंबर, कान, कोपर, खांदा व मस्तक समस्थितीत आणि छाती उन्नत. सौष्ठवावाचून नाट्य वा नृत्त शोभत नाही, असा त्यांचा निर्णय आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १०८ करणांपैकी ८१ शिळेवर कोरलेली आहेत. त्यांतील कित्येकांत पाय मस्तकापर्यंत जातो. म्हणजे कसरत आपल्या परंपरेने वर्ज्य मानली नाही, ती सौष्ठवाच्या अधीन ठेवली.

याचा जिवंत पुरावा ओडिशात मिळतो. जगन्नाथाच्या भक्तिपरंपरेतील गोटिपुअ नर्तक हे मुलगे असतात. स्त्रीवेष घेऊन ते गातात, नाचतात आणि ‘बंध’ नावाच्या, अंग चक्रासारखे वळविणाऱ्या कसरती करतात. वय वाढले, आवाज फुटला, की त्यांचे नाचणे थांबते. पुरीजवळील रघुराजपूर येथे १९२६ साली जन्मलेले केलुचरण महापात्र यांचे बालपण याच शिक्षणात गेले. पुढे ओडिसी नृत्याची आजची घडण बसविण्यात त्यांचा वाटा मोठा. त्या घडणीत मुख्य स्थान मिळाले ते चौक आणि त्रिभंग यांना, बंधांना नव्हे. लवचीकपणा बालपणीच संपला असता. उभे राहण्याची रीत मात्र २००४ साली निधन होईपर्यंत त्यांच्याबरोबर राहिली.

बॅलेचा दावा यामुळे पूर्णपणे सिद्ध होतो काय? तसेही नाही. खुबा बाहेर वळविणे भरतनाट्यमच्या अरमंडीसही लागते. परंतु बॅले भूमी सोडू पाहते, आणि आपले नृत्य भूमीला आपटून तिला बोलते करते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्रथम बॅलेचे शिक्षण घेतले. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळावे, ही प्रेरणा त्यांना खुद्द आना पाव्हलोव्हा यांनीच दिली. १९३५ साली त्यांनी अड्यार येथे भरतनाट्यम सादर केले, आणि १९३६ साली कलाक्षेत्राची स्थापना केली.

तेव्हा निवाडा मर्यादित शब्दांतच द्यावा लागेल. जिम्नॅस्टिक्सने हातांत व पोटात बळ येते, पडण्याची भीती जाते. हा लाभ खरा, पण तो पूरक होय. पाठीचा कणा ताणून मागे वाकविण्याची आणि प्रत्येक कौशल्यावर टाळी घेण्याची सवय एकदा लागली, की नृत्यगुरूस ती मोडण्यात वर्षे घालवावी लागतात. रोजचा पाठ बॅलेचा असो वा अडवूंचा, नृत्यशिक्षणाचा पाया क्रमाने चढणारी, सौष्ठव राखणारी मेहनत हाच असावा. मुलीचा वर्ग निवडताना तिथे ती किती वाकते हे विचारू नये. वाकून झाल्यावर कशी उभी राहते, हे एकदा बसून पाहावे.