क्षेत्रनोंदींतील पूर्णांकनाचा प्रश्न : मालवण किनाऱ्यावरील जमीन आणि डिस्कवरील जागा

मालवणच्या कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्ये ज्या सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला, त्याचे क्षेत्र सामान्यतः ४८ एकर सांगितले जाते. हा आकडा मेट्रिक मापात आणल्यास १९.४२ हेक्टर होतो. एखाद्या लेखकाने सोईसाठी तो ‘१९ हेक्टर’ असा लिहिला आणि दुसऱ्याने त्यावरून पुन्हा एकर काढले, तर उत्तर ४७ एकरांहूनही किंचित कमी येते. तटाचा एक चिराही समुद्रात ढासळलेला नाही. तरी कागदावरून सुमारे ४२ गुंठे जमीन नाहीशी झाली. किल्ल्याच्या बाबतीत ही केवळ मौजेची गोष्ट ठरेल. परंतु त्याच किनाऱ्यावर ज्याची सारी भातशेती अडीच-तीन गुंठ्यांत सामावलेली आहे, त्याच्या बाबतीत ती तशी राहत नाही. अपूर्णांक सोडताना नेमके काय सोडले जाते आणि तो दोष कोठे व कसा दुरुस्त करावयाचा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१) मोजमापाची परंपरा

मराठेशाहीतील जमीनमोजणीचे साधन काठी हे होते. पाच हात पाच मुठी लांबीच्या काठीने मोजून २० चौरस काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा व १२० बिघ्यांचा एक चाहूर अशी श्रेणी मानली जाई. हात आणि मूठ ही मूळ एककेच देहावर आधारलेली असल्यामुळे त्यांत थोडाफार फरक राहणे स्वाभाविक होते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात हे चित्र पालटले. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली पाहणी अयशस्वी ठरल्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूरपासून नव्या पद्धतीचा आरंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत नियमबद्ध झाली. शंकू व साखळी ही तिची साधने होत. साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात एक गुंठा. आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्याचेही पुन्हा १६ आणे. रुपयाच्या हिशेबात वाढलेल्या लोकांना ही विभागणी सहज उमगणारी होती.

सर्व्हे नंबर ही कल्पना मात्र देशावरील विस्तीर्ण शेतांच्या संदर्भात घडली होती. मालवण तालुक्यात डोंगरउतार, वरकस जमीन, नारळीच्या बागा आणि बांधांनी तोडलेले भाताचे कुणगे यांची सरमिसळ असल्यामुळे एकेका नंबराचे अनेक पोटहिस्से पडणे अपरिहार्य झाले. मोजणीतील अपूर्णांकाचा प्रश्न येथे तीव्र होतो, त्याचे कारण हेच. दोष एकाच आकाराचा असला तरी मोठ्या क्षेत्रात तो दिसत नाही. लहान क्षेत्रात तोच क्षेत्राचा मोठा हिस्सा होऊन बसतो.

(२) एककांतराचा परिणाम

१९५६ च्या वजने व मापे यांसंबंधीच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि पुढे जमिनीचे अभिलेखही हेक्टर व आर यांत आणले गेले. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, अर्थात एक आर आणि वर सव्वा चौरस मीटरांहून किंचित कमी. हे साम्य इतके जवळचे आहे की ‘गुंठा तोच आर’ असे व्यवहारात सहज म्हटले जाते. भूल पडते ती येथेच.

एक उदाहरण घेऊ. एक एकराच्या नंबराचे अडीच-अडीच गुंठ्यांचे १६ हिस्से पडले आहेत. प्रत्येक हिस्सा २५२.९३ चौरस मीटरांचा आहे. तो जवळच्या पूर्ण आरात लिहिला तर ३ आर होतो व सोळांची बेरीज ४८ आर येते. अपूर्णांक सरसकट सोडला तर प्रत्येकी २ आर व एकूण ३२ आर येतात. प्रत्यक्षात नंबर आहे ४०.४७ आरांचा. जमीन एकच, मोजणी एकच, आणि उत्तरे तीन. चौरस मीटरांपर्यंत नोंद ठेवली तर प्रत्येकी २५३ प्रमाणे बेरीज ४,०४८ चौरस मीटर येते. खऱ्या क्षेत्राशी फरक सव्वा चौरस मीटरही राहत नाही. २०२० च्या सुधारित सातबाऱ्यात शेतजमिनीसाठी हेक्टर, आर व चौरस मीटर अशी नोंद आली, तिचे महत्त्व या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखे आहे.

बेरीज आणि आकारबंदातील क्षेत्र जुळत नसेल तर उरलेला फरक शेवटच्या हिश्श्यावर टाकण्याचा मोह होतो. ताळा जुळतो, पण दोष नष्ट होत नाही. तो एकट्या खातेदाराच्या नावावर जमा होतो. याचे कायदेशीर परिणामही संभवतात. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने घातली. समजा, अशी मर्यादा १० गुंठ्यांची आहे आणि एखाद्याची जमीन नेमकी १० गुंठे आहे. ती ‘१० आर’ अशी लिहिली गेली, तर कागदावर तिचे ९.८८ गुंठेच उरतात. मालकाने काहीही विकलेले नसताना त्याची जमीन ‘तुकडा’ ठरू शकते.

(३) डिस्कवरील हद्दी

हाच प्रश्न आपल्या काळात अगदी वेगळ्या क्षेत्रात उद्भवला आहे. संगणकाच्या डिस्कवरील जागा ही एका अर्थी गावठाणासारखीच असते. कोणता भाग कोणत्या फाइलच्या ताब्यात आहे, कोणता मोकळा आहे आणि कोणता व्यवस्थेने स्वतःच्या हिशेबासाठी राखला आहे, याची नोंद फाइल-व्यवस्थेला ठेवावी लागते. लिनक्स प्रणालीत २०१७ मध्ये ‘गेटएफएसमॅप’ नावाची सोय आली. डिस्कवरील ‘येथपासून तेथपर्यंत’ असा पट्टा दिला असता त्यातील जागा कोणाच्या नावे आहे हे ती सांगते. या प्रश्नोत्तराला जागेचा सातबारा म्हणावयास हरकत नाही.

अडचण एककांची आहे. ५१२ बाइटांचा एक सेक्टर आणि सामान्यतः ४,०९६ बाइटांचा, म्हणजे आठ सेक्टरांचा, एक ब्लॉक. विचारणा लहान मापात होऊ शकते. नोंद मात्र ब्लॉकांत असते. समजा, तिसऱ्या सेक्टरपासून पाचव्यापर्यंत, पाचवा वगळून, काय आहे असे विचारले. दोन्ही आकड्यांना आठाने भागून अपूर्णांक सोडला तर आरंभही शून्य आणि शेवटही शून्य. पट्ट्याची लांबी शून्य झाली आणि उत्तर आले की येथे कोणीच नाही. वास्तविक तेथे एका फाइलचा ब्लॉक उभा आहे. याची दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते : आरंभाची हद्द खालच्या पूर्णांकाकडे न्यावी व शेवटची वरच्या पूर्णांकाकडे, म्हणजे पट्ट्याला स्पर्श करणारी कोणतीही नोंद सुटणार नाही.

हद्दीवरील अशा चुका केवळ काल्पनिक नाहीत. एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेत नोंदीच्या मध्यातूनच सुरू होणाऱ्या पट्ट्याची विचारणा केली असता ती नोंद उत्तरातून गळत असे. हा दोष २०२३ मध्ये दुरुस्त झाला. ईएक्सटी-४ मध्ये अनेक ब्लॉकांचा एक समूह करून हिशेब ठेवण्याची सोय आहे. तेथे शेवटची हद्द ठरविताना ब्लॉकांऐवजी समूहांचे माप वापरले गेल्याने अस्तित्वात नसलेल्या जादा नोंदी उत्तरात येऊ शकत. तो दोष २०२५ मध्ये काढण्यात आला. एकीकडे धनी हरवला, दुसरीकडे नसलेला धनी उभा राहिला. आपल्या सोळा हिश्श्यांच्या उदाहरणात ३२ आर आणि ४८ आर ही जी दोन उत्तरे आली, त्यांचेच हे प्रतिरूप होय.

(४) निष्कर्ष

या तुलनेवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्णांकन ही निव्वळ अंकगणितातील सोय नसून तो हद्दीविषयीचा निर्णय असतो. क्षेत्र सांगताना जवळचा पूर्णांक घेणे युक्त ठरेल. परंतु ‘येथे कोण आहे’ या प्रश्नाला तोच नियम लावल्यास काठावरचा मनुष्य बाहेर पडतो. कोणत्या प्रश्नासाठी कोणत्या दिशेने पूर्णांक घ्यावयाचा, हे आधी ठरविले पाहिजे.

दुसरे असे की, दोषाची दुरुस्ती अखेरच्या आकड्यात करता येत नाही. ती मूळ मोजमापाकडे जाऊनच करावी लागते. डिस्कच्या बाबतीत विचारणा मूळ लहान एककात अखेरपर्यंत सांभाळणे आणि रूपांतर एकदाच करणे हा तिचा मार्ग. जमिनीच्या बाबतीत तोच मार्ग टिपण व गुणाकार बुक यांच्याकडे नेतो. टिपणात साखळी-आण्यांतील प्रत्यक्ष मापे असतात व गुणाकार बुकात त्यांवरून काढलेल्या क्षेत्राचा हिशेब. आकारबंद आणि सातबारा ही त्यानंतरची फलिते होत. एकदा सोडलेला अपूर्णांक फलितातून परत मिळत नाही.

कोकणच्या भूधारणेवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी म्हणूनच जुन्या-नव्या क्षेत्रांची तुलना करताना प्रत्येक आकड्याजवळ त्याचे एकक, नोंदीचे वर्ष आणि पूर्णांकनाची मर्यादा टिपून ठेवणे इष्ट ठरेल. देवबागेसारख्या ठिकाणी, जेथे एका अंगाने समुद्र आणि दुसऱ्या अंगाने कर्लीची खाडी आहे, तेथे ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. तेथे क्षेत्र घटलेले दिसले तर लाटांनी नेलेली जमीन कोणती आणि लेखणीने नेलेली कोणती, हे वेगळे काढल्यावाचून त्या घटीचा कोणताही इतिहास लिहिता येणार नाही.