स्क्वेअर व कॉन्ट्रा नृत्य : उगम, विकास आणि विस्मृत वारसा

प्रस्तावना

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात स्क्वेअर व कॉन्ट्रा या समूहनृत्यांना महत्त्वाचे स्थान आहे. स्क्वेअर नृत्यात चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. कॉन्ट्रा नृत्यात समोरासमोर दोन लांब रांगा असतात व प्रत्येक आवर्तनानंतर जोडी पुढे सरकून नव्या शेजाऱ्यांसमवेत नाचते. दोन्हींत 'कॉलर' ही व्यक्ती पुढील हालचाल मोठ्याने सांगते. ही नृत्ये सर्वसाधारणपणे युरोपीय वसाहतकारांचा वारसा मानली जातात. हे मत कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

युरोपीय पार्श्वभूमी

जॉन प्लेफोर्ड यांनी १६५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' या ग्रंथात 'कंट्री डान्स' प्रकारातील हालचाली व सुरावटी नोंदविल्या आहेत. हा प्रकार फ्रान्समध्ये गेल्यावर त्याला 'काँत्रदाँस' असे नाव मिळाले. 'कॉन्ट्रा' हा शब्द त्याच्याशीच निगडित आहे. चार जोड्यांची कोतियाँ व क्वाड्रिल ही फ्रेंच नृत्ये स्क्वेअर नृत्याची पूर्वरूपे होत. 'डो-सी-डो' ही परिचित हालचालही 'पाठीला पाठ' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेली आहे.

कॉलरची परंपरा

युरोपात नृत्यशिक्षकाकडून हालचाली आधीच शिकून घ्याव्या लागत. नृत्य चालू असताना त्या पुकारण्याची प्रथा मात्र अमेरिकेत रुजली. गुलामगिरीतील अनेक आफ्रिकन-अमेरिकन वादक गोऱ्यांच्या नृत्यसभांत फिडल वाजवीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे वादक हालचालीही पुकारू लागले. फिल जेमिसन यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात सुरुवातीचे ज्ञात कॉलर कृष्णवर्णीय असल्याचे दाखवून दिले आहे. या प्रथेमुळे शिक्षण न घेतलेल्यांनाही नृत्यात सहभागी होणे शक्य झाले.

पुनरुज्जीवन व विस्मरण

१९२० च्या दशकात उद्योगपती हेन्री फोर्ड यांनी नृत्यशिक्षक बेंजामिन लव्हेट यांच्या साहाय्याने जुन्या नृत्यांचा प्रसार केला. त्यांचे 'गुड मॉर्निंग' हे पुस्तक १९२६ मध्ये निघाले. या उपक्रमामागे जॅझ संगीताविषयीचा तिरस्कार होता. फोर्ड यांच्या मालकीच्या नियतकालिकाने तर जॅझच्या प्रसाराचा दोष ज्यूंवर ठेवला होता. पुढे लॉइड शॉ यांच्या 'काउबॉय डान्सेस' (१९३९) या पुस्तकाने स्क्वेअर नृत्याची पश्चिमेकडील गुराख्यांशी असलेली सांगड दृढ केली. १९८२ मध्ये अमेरिकी कायद्याने स्क्वेअर नृत्यास १९८२-८३ या कालावधीपुरते राष्ट्रीय लोकनृत्य घोषित केले.

निष्कर्ष

या नृत्यांची रचना युरोपीय असली, तरी त्यांना अमेरिकी रूप देणारा कॉलर प्रामुख्याने कृष्णवर्णीय वादकांच्या परंपरेतून घडला. कृष्णवर्णीयांच्या जॅझला पर्याय म्हणून पुढे केलेल्या नृत्यातही त्यांचेच योगदान होते, हा मोठा विरोधाभास होय. 'राष्ट्रीय' ठरविलेल्या परंपरेचा अभ्यास करताना तिने कोणाची स्मृती जपली याबरोबरच कोणाची पुसली, हेही तपासले पाहिजे.