पलतडचा पातशहा

आमच्या आजोबांच्या गोष्टींतल्या पातशहाला नाव नव्हते. तो विजापूरला राहायचा आणि डिचोलीपासून पेडण्यापर्यंतचा मुलूख त्याचा होता, एवढेच. सर्वणच्या घरात पावसाळ्याच्या रात्री ही गोष्ट निघायची. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ फिरंग्यांनी पाडले, लिंग विहिरीच्या बांधकामात घातले, मग भक्तांनी ते एका रात्री काढून होडीतून मांडवीच्या पलतडी, नारव्याला आणले. शेवटी आजोबा म्हणायचे, "पातशाच्या मुलखांत पावलो म्हूण देव वाटावलो."

गोकुळाष्टमीला ते डिचोली, मये करत नारव्याला पंचगंगेच्या स्नानाला जायचे. तिथून समोर दिवाडी दिसते. मध्ये पाण्याचा एक पट्टा आहे, फेरीबोटीने थोड्याच वेळात ओलांडता येतो. देवाला जगवायला एवढेसे पाणी कसे पुरले, हा प्रश्न माझ्या मनातून पुढे कधी गेला नाही. उत्तर त्या पातशहाच्या राजकारणात आहे.

पण आधी ते फिरंगी समजून घ्यावे लागतात. आपल्याकडे आलेले पोर्तुगीज हे क्रुसेडचेच वारस होते. जेरुसलेमसाठी लढणारा टेम्पलर पंथ 1312 मध्ये बरखास्त झाला, पण पोर्तुगालच्या राजाने 1319 मध्ये त्याच्या मालमत्तेवर 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' उभी केली. तिचाच लाल क्रूस गलबतांच्या शिडांवर रंगवून ते हिंदी महासागरात उतरले. त्यांच्या मानुएल राजाला जेरुसलेम हवे होते. त्याचा गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क तर मदिनेवर छापा घालून पैगंबरांचे अवशेष उचलावेत आणि त्यांच्या बदल्यात ते शहर मागावे, असे बेत करत होता. अशा माणसाने 1510 च्या फेब्रुवारीत समुद्री सरदार तिम्मय्याच्या मदतीने गोवा घेतला. मे महिन्यात विजापूरच्या आदिलशाही फौजेने त्याला हुसकावले. 25 नोव्हेंबरला तो परत आला आणि शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली. तसे त्याने राजाला स्वतःच अभिमानाने लिहून कळवले.

त्याच वर्षी युसुफ आदिलशहा वारला आणि गादीवर त्याचा अल्पवयीन मुलगा इस्माईल आला. विजापूरने गोवा परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. यानंतरचे धोरण समजून घ्यायचे तर घोड्यांकडे पाहावे लागते. इराणी आखातातून येणारे घोडे आता पोर्तुगिजांच्या हातून जात होते आणि ते विजापूरलाही हवे होते, विजयनगरलाही. एकाने भांडण धरले की घोडे दुसऱ्याकडे वळायचे. 1520 मध्ये रायचूरच्या लढाईत विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या बाजूने पोर्तुगीज बंदूकधारी उभे होते. इस्माईलचा तिथे दारुण पराभव झाला. समोरच्या किनाऱ्यावरचा क्रूस त्याला डाचत असणारच, पण पाठीमागे तुंगभद्रेवरचे विजयनगर होते.

सगळ्यांत महत्त्वाचे वर्ष मात्र 1543. तेव्हा इब्राहीम आदिलशहा गादीवर होता. बेळगावचा बलाढ्य सरदार असदखान त्याच्यावर फिरला होता आणि त्याच घराण्यातला गादीचा एक दावेदार, पोर्तुगीज कागदांतला मेआले, गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला होता. या माणसाला दूर देशी पाठवा, बदल्यात बारदेश आणि साष्टी घ्या, असा सौदा इब्राहीमने केला. पोर्तुगिजांनी दोन्ही महाल घेतले, दावेदाराला मात्र पाठवले नाही. पुढे 1555 मध्ये त्यालाच विजापूरचा राजा म्हणून पुढे केले.

हे वाचताना मला इजिप्तचा सुलतान अल्-कामिल आठवतो. सलाउद्दीनने 1187 मध्ये जिंकलेले जेरुसलेम त्याच्याच या पुतण्याने 1229 मध्ये लढाई न करता सम्राट फ्रेडरिकला दहा वर्षांसाठी देऊन टाकले. मुळात फ्रेडरिकला बोलावले होते ते दमास्कसवर राज्य करणाऱ्या भावाविरुद्ध. तरी जेरुसलेममधले पवित्र आवार, हरम शरीफ, अल्-कामिलने मुसलमानांच्या हाती ठेवले. इब्राहीमने बारदेश-साष्टी देताना तिथल्या देवळांसाठी असे काही राखून ठेवले नाही, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

कारण पुढचे सगळे त्यातून आले. पोर्तुगिजांकडे आधीपासून असलेल्या तिसवाडीतली देवळे 1540 च्या सुमारास पडली होतीच. 1560 मध्ये इन्क्विझिशन आले, 1567 मध्ये साष्टीतली शेकडो देवळे जमीनदोस्त झाली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते अंत्रुजात, म्हणजे फोंड्यात गेली. चोडणचा देवकीकृष्ण आमच्या मयेत येऊन पुढे माशेलला स्थिरावला. अंत्रुज आणि भतग्राम, म्हणजे आमची डिचोली, दोन्ही विजापूरचे. फोंड्याची सफा मशीद 1560 सालची मानली जाते, म्हणजे मशीद उभी राहत होती त्याच काळात परिसरात निर्वासित देव मुक्कामाला येत होते.

याला आदिलशहाचे औदार्य म्हणायला मी तयार नाही. याच दख्खनच्या पूर्वीच्या सुलतानांनी, बहमनींनी, सप्तकोटेश्वराचे कदंबकालीन देऊळ एकदा पाडले होते आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले होते. पण पलतडी आलेल्या देवाला विजापूरने हाकलले नाही, हेही तितकेच खरे. ज्या सौद्याने बारदेश-साष्टीचे देव बेघर झाले, त्याच सौद्याबाहेर राहिलेल्या मुलखात त्यांना घर मिळाले. आज गोव्यातली मोठी देवस्थाने कुठे आहेत ते पाहा: 1543 ची सरहद्द नकाशावर आपोआप उमटते.

गमावलेले परत घेण्याचा मोठा प्रयत्न अली आदिलशहाने केला. अहमदनगरचा निजामशहा आणि कालिकतचा सामुद्री यांच्याशी एकजूट करून 1570 मध्ये त्याने गोव्याला वेढा घातला. निजामशहा चौलवर गेला. वेढा महिनोन् महिने चालला, व्हाइसरॉय लुईस द आताईद हटला नाही, आणि 1571 अखेर अलीने तह केला. बारदेश-साष्टी फिरंग्यांकडेच राहिली.

भतग्राम मात्र त्यांना आणखी दोनशे वर्षे कायमचे मिळाले नाही. शिवाजी महाराजांनी ते घेतले आणि शके 1590 मध्ये, म्हणजे 1668 साली, नारव्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. पुढे भतग्राम सावंतवाडीकरांकडे गेले. 1781 मध्ये पोर्तुगिजांनी अखेर डिचोली कायमची घेतली तेव्हा विजापूरची गादी बुडून पंचाण्णव वर्षे झाली होती, आणि इन्क्विझिशनचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या या मुलखात, लोकांच्या धर्माला हात लावणार नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. नारव्याच्या देवाला पुन्हा होडीत बसावे लागले नाही.