फराळाच्या आधीचे दिवस

महाराष्ट्रातले सणाचे जेवण बहुतेक वेळा त्याच दिवशी रांधले जाते आणि त्याच दिवशी संपते. गणेशचतुर्थीचे उकडीचे मोदक, नागपंचमीची दिंडे, होळीची पुरणपोळी, चैत्रातली कैरीची डाळ, यांतले काहीच साठवून खाण्यासाठी नाही. दिवाळी हा याला मोठा अपवाद. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून घरातली माणसे पाटावर बसतात, तेव्हा समोरच्या ताटात त्या दिवशी शिजवलेले जवळजवळ काही नसते. चकली, चिवडा, शेव, कडबोळी, शंकरपाळे, लाडू, करंज्या, अनारसे, चिरोटे हे सगळे आधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत तयार होऊन डब्यांत गेलेले असते. फराळाचा इतिहास लिहिताना आपण एकेका पदार्थाचे वय शोधतो आणि कोणता किती जुना यावर वाद घालतो. माझे म्हणणे असे, की या ताटातले पदार्थ पिढ्यानपिढ्या बदलत आले आणि बदलली नाही ती एक अट: जिन्नस सणाआधी करता आला पाहिजे आणि सण सरेपर्यंत टिकला पाहिजे. ताटात काय येणार आणि काय नाही हे त्या अटीने ठरवले. ती पाळण्यासाठी लागणारी आखणी हाच फराळाचा सर्वांत टिकलेला भाग आहे, आणि इतिहासात सर्वांत कमी नोंदलेला भागही तोच आहे.

ही अट दिवाळीलाच का पडली, याची कारणे सणाच्या रचनेत आणि ऋतूत आहेत. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दिवस सलग, आणि जवळजवळ प्रत्येकाला आपले स्वतंत्र काम: पहाटेचे तेल-उटणे, लक्ष्मीपूजन, व्यापाऱ्यांच्या वह्या, पाडव्याचे ओवाळणे, भावाचे येणे. लेकी माहेरी येतात, पाहुणा सांगून येत नाही, आणि आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवायचे नसते. लाकूडफाट्याच्या चुलीवर अशा पाच-सहा दिवसांत दर तासाला ताजे काही करणे अशक्यच. दुसरी बाजू हवेची. श्रावणात तळलेली चकली उघड्यावर राहिली तर काही तासांत मऊ पडते. आश्विनाच्या अखेरीस पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते आणि तळलेले, भाजलेले पदार्थ कुरकुरीत राहतात. म्हणूनच दिवाळीच्या ताटात ओल नाही. पाणी तळून उडवलेले, भाजून उडवलेले किंवा साखरेच्या पाकाने बांधून टाकलेले असते. बेसन तुपात मंद आचेवर तासभर परतणे, चकलीभोवतीचे बुडबुडे थांबेपर्यंत ती तेलातून न काढणे, रव्याच्या लाडवाचा पाक एकतारी की दोनतारी हे बोटांवर पाहणे, या सगळ्या एकाच ध्येयाच्या निरनिराळ्या वाटा आहेत. ओल्या नारळाच्या करंजीची चव कितीही सरस असली तरी दिवाळीच्या डब्यासाठी सुक्या खोबऱ्याचे, खसखशीचे सारण निवडले गेले, कारण ओला नारळ दोन दिवसांत आंबतो.

या आखणीचा लेखी पुरावा कमी आहे, पण कृतींच्या पोटात तो जसाच्या तसा शिल्लक आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग उपसून फडक्यावर अर्धवट सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून गोळे बांधायचे आणि ते पुन्हा काही दिवस मुरू द्यायचे. म्हणजे ज्या घरात धनत्रयोदशीला अनारसे तळायचे, त्या घरात आठ-दहा दिवस आधीच कुणीतरी तिथी मोजून तांदूळ भिजवलेले असणार. भाजणीचेही तसेच. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग धुऊन वाळवायचे, धने-जिऱ्यांसह वेगवेगळे भाजायचे, थंड करून दळायचे; पूर्वी जात्यावर, पुढे गिरणीत, जिथे दिवाळीच्या तोंडावर डब्यांची रांग लागते. मागे गेलो तर दोर आणखी लांबतो. बेसनासाठी लागणारा हरभरा आणि रव्यासाठीचा गहू रब्बीचा. तो उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरताना घेऊन, उन्हे दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला असायचा. गुऱ्हाळे दिवाळीनंतर जोमात येतात, तेव्हा अनारशातला गूळ हा मागच्या हंगामातला, पावसाळाभर जपलेला. शेंगदाणा मात्र खरिपाचा, नुकताच निघालेला. आश्विनातल्या एका ताटासाठी चैत्रातला निर्णय लागतो, ही गोष्ट कोणत्याही पोथीत लिहिलेली नसली तरी शेतीच्या वेळापत्रकावरून सरळ वाचता येते.

कामाचा क्रमही असाच बोलका आहे. जास्त टिकणारे आधी, कमी टिकणारे शेवटी. चिवडा, शेव, शंकरपाळे हे सुरुवातीला. करंज्या आणि चिरोटे सणाच्या अगदी जवळ, कारण त्यांना नाजूक हात लागतो आणि पुष्कळ हात लागतात. करंजीची पारी लाटली की लगेच भरायला हवी, भरली की कातण्याने कापून ओल्या फडक्याखाली झाकायला हवी, आणि तळणारीने कढईपासून हलायचे नाही. एकटीने हे काम करायचे म्हटले तर लाटलेले सुकते, तळलेले करपते. त्यातून शेजारणींची फेरी जन्मली: आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, ज्या त्या घरचे तूप-तेल आणि सगळ्यांचे हात. गावातल्या वाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत ही पद्धत सारखीच रुजली. कुणाच्या घरी कोणता दिवस, कुणाकडे सोऱ्या चांगला, कुणाचा पाक चुकत नाही, हे सगळे बायकांनी तोंडी ठरवलेले असे. श्रमाची इतकी नेमकी वाटणी एखाद्या कारखान्यात झाली असती तर तिच्यावर ग्रंथ निघाले असते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की फराळ प्राचीन आहे आणि त्याचे मूळ धर्मात आहे. त्याला सोयीचा हिशेब म्हणणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे. प्राचीनत्वाचा भाग आधी पाहू. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११३०च्या सुमारास, मंडक, पोलिका, वटक असे पदार्थ आहेत, आणि गहू धुऊन, वाळवून, दळून बारीक पीठ काढण्याची रीतही आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्त्यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, त्यात जिलेबीची कृती सापडते. तेव्हा तळण्याची, पाकात घालण्याची कला जुनी यात शंका नाही. पण आजचे ताट तसेच्या तसे तेव्हाचे नाही. चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीज येण्यापूर्वी ती या किनाऱ्यावर नव्हतीच. मैद्याचे शंकरपाळे घरोघर झाले ते गिरणीचा मैदा स्वस्त झाल्यावर; आधी गहू भिजवून, दळून, कापडातून चाळून सपीठ काढणे हे दिवसभराचे काम होते. पांढरी साखर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणात जावाहून येई. १९३२ साली देशी साखरधंद्याला संरक्षण मिळाले, पुढे प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०च्या सुमारास गाळप सुरू केले, आणि मग साखरेचा लाडू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याने तुपाची जागा कितीतरी घरांत घेतली. नवे पदार्थ सहज सामावले गेले, कारण ते अटीत बसत होते. बटाटाही अमेरिकेतूनच आला, पण त्याची ओली भाजी फराळाच्या डब्यात कधी गेली नाही. त्याचा वाळवलेला कीस मात्र तळून चिवड्यात गेला.

धर्माचा भाग अधिक गंभीर आहे. देवाला दाखवल्याखेरीज फराळ तोंडाला लावायचा नाही हा नियम कितीतरी घरांत कडक होता, आणि आहे. पण याच नियमाने आखणी अधिक नेटकी केली. पंधरा दिवस घरात तळणीचा वास आणि मुलांचे हात डब्याकडे. तरीही काहीही उष्टे न होऊ देता सणापर्यंत पोचायचे, तर डबे कुठे ठेवायचे, किल्ली कुणाकडे, चव पाहायची तर कशी, हे आधीच ठरवावे लागते. भक्ती आणि हिशेब यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज मला दिसत नाही. सणाचा मान राखायचा म्हणूनच कुणीतरी मोजमाप केले.

दुसरा आक्षेप गोव्याकडून आणि दक्षिण कोकणातून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. तिथल्या दिवाळीच्या पहाटेचे मुख्य अन्न फराळ नसून पोहे. गोव्यात कारीट फोडून झाले की दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, तिखट, गोड असे फोव एकाच पंगतीत येतात. सिंधुदुर्गात चावदिवसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, घरोघर जाऊन पोहे खाण्याची रीत आहे. ते त्या सकाळीच कालवलेले असतात, मग साठवणीच्या अटीचे काय? मला वाटते हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, त्याला खोली देतो. पोहे हेच मुळात साठवणीचे अन्न आहे. हळवे भात कापून, झोडून, भिजवून, भाजून, उखळात कांडून चपटे करायचे, वाळवायचे, आणि हे सगळे चतुर्दशीच्या आधी. श्रमाचा मोठा भाग तिथेही सणाआधीच संपलेला असतो. पहाटे उरते ते कालवणे. भातशेतीच्या पट्ट्यात नवान्नाचा आनंद मोठा, म्हणून शेवटचा टप्पा ताजा राहिला. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही नाताळाआधी नेवऱ्या, दोदोल, बेबिंका अशीच बेगमी चालते आणि शेजारीपाजारी ताटे जातात. धर्म बदलला, पंचांग बदलले, तरी सणाआधीच्या आठवड्यातली कढई तीच.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते: हा सगळा इतिहास खाऊनपिऊन सुखी घरांचा आहे. खरे आहे. तेलाचा डबा आणि शेरभर साखर एकदम विकत घेण्याइतका पैसा हाती नसेल तर आखणी कशाची करायची? ज्यांच्या घरी दिवाळीला एखादाच गोड जिन्नस होई, त्यांच्या नोंदी पाकशास्त्राच्या पुस्तकांत नाहीत. पण नीट पाहिले तर गरिबाच्या घरी आखणी कमी नव्हती, उलट जास्त होती. ती पदार्थांची नव्हे, पैशाची होती. भिशी लावायची, दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे, वाण्याकडे उधारीचा शब्द ठेवायचा. मुंबईच्या कापडगिरण्यांत बोनससाठी १९५० साली दोन महिने संप झाला. १९६५ साली बोनसचा कायदा आला. दिवाळीच्या आधी हातात येणारी ती रक्कम म्हणजे कामगाराच्या घरी नवे कपडे आणि फराळाचे सामान. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल शिधापत्रिकेवर दिले. ही यादी एखाद्या गृहिणीने लिहिल्यासारखी आहे: रव्याचे लाडू, बेसनाचे लाडू, शेव, आणि तळायला तेल. आणि शिधा उशिरा पोचला तेव्हा तक्रारी झाल्या त्याही याच कारणाने, की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मिळालेल्या डाळीचा फराळ होत नाही.

पुस्तकांनी ही विद्या कितपत जपली? १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले, आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने शेर-मापट्याऐवजी वाटी आणि चमचा धरला, आणि सासू किंवा आई जवळ नसलेल्या, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या मुलीला पहिली चकली जमवून दिली. हे ऋण मोठे आहे. पण पाकपुस्तक पदार्थवार चालते. भाजणी भाजत असताना तांदूळ भिजलेले हवेत, चिवड्याच्या उरलेल्या तेलात आणखी काय तळायचे, सोमवारी गिरणी बंद म्हणून रविवारी दळण, हे पदार्थांच्या मधल्या मोकळ्या जागेतले ज्ञान त्यात मावत नाही. ते सांगून आणि सोबत बसवूनच पुढे गेले.

आता तयार फराळाने हे संपवले, अशी हळहळ ऐकू येते. दुकानातून आणलेला लाडू परंपरेला बाध आणतो असे मला वाटत नाही; मैदा आणि डालडा पचवलेल्या ताटाला तेवढी सवय आहे. खरा प्रश्न कामाच्या श्रेयाचा आहे. घरात जे काम कर्तव्य म्हणून गृहीत धरले जात होते, त्याला महिला मंडळांनी आणि बचतगटांनी दर लावला. किलोमागे किती, आगाऊ मागणी कधीपर्यंत, भाजणी कुणी करायची आणि तळणीला कोण बसणार, हे आता वहीत लिहिले जाते. घरातल्या बाईच्या डोक्यात असलेले वेळापत्रक प्रथमच कागदावर आले ते इथे, विक्रीसाठी. शिवाय मागणी आता परदेशातूनही येते. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या लेकीच्या हाती खोके वसुबारसेआधी पडायचे तर ते कित्येक दिवस आधी निघायला हवे, म्हणजे तळणी त्याच्याही आधी, हवेत पावसाची ओल असतानाच. मग चिवडा हवाबंद पाकिटात, खोबरे वास न धरेल इतके भाजलेले, आणि करंजीऐवजी शंकरपाळे जास्त, कारण करंजी प्रवासात फुटते.