स्टॉकहोमची सामाईक चूल

माझी भाची ज्या कंपनीत नोकरी करते, तिचे काम आता कोणत्याही गावी बसून करता येते, आणि येत्या वर्षातील काही महिने स्टॉकहोममध्ये काढावेत असे मनात आल्यावर तिने तेथील चार सहनिवासांची माहितीपत्रके माझ्यापुढे आणून ठेवली. खोलीचे क्षेत्रफळ, इंटरनेटचा वेग, अनामत रक्कम, भाडेकरारातील अटी, कामासाठी राखलेले सामाईक दालन, हे सारे त्यांत तपशीलवार दिले होते. चूल कोठे आहे आणि तिच्यापुढे उभे कोण राहते, एवढे मात्र एकाही पत्रकात नव्हते. दोन भावांची वाटणी झाली हे सांगताना आपण भिंतींचा उल्लेख करीत नाही, चुली वेगळ्या झाल्या असे म्हणतो. म्हणून मी तिला जागेविषयी सल्ला देण्याऐवजी त्या शहरातील सामाईक चुलीची हकीकत सांगितली, कारण या एका प्रश्नावर स्टॉकहोमइतके प्रयोग केलेली शहरे युरोपात थोडीच असतील.

पहिला प्रयोग श्रीमंतांचा होता. १९०३ साली कोपनहेगनमध्ये ओटो फिक याने सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच मुदपाकखाना असलेली इमारत उभी केली होती; तिच्यामागोमाग स्टॉकहोमच्या ऑस्टरमाल्म या प्रतिष्ठित वस्तीत १९०५ ते १९०७ या काळात 'हेमगोर्डेन' नावाची साठ बिऱ्हाडांची इमारत बांधली गेली. घरकामाला मोलकरणी मिळेनाशा झाल्या होत्या आणि मिळाल्या तर परवडेनाशा झाल्या होत्या. तेव्हा प्रत्येक घरी एक स्वयंपाकीण ठेवण्याऐवजी सर्वांनी मिळून एक भटारखाना पोसावा, हा त्यामागचा हिशेब होता. बिऱ्हाडांना स्वयंपाकघर म्हणून दिलेच नव्हते. तळघरात अन्न शिजे, घरातल्या घरात चालणाऱ्या दूरध्वनीवरून मागणी जाई, आणि भिंतीत बसविलेल्या लहानशा पाळण्यातून ताटे ज्याच्या त्याच्या मजल्यावर चढत. आपल्या गिरणगावातील खाणावळीतही शेकडो कामगार दुसऱ्याच्या हातचे जेवत. परंतु खाणावळवाली आपल्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखे, आणि जेवणारेही मांडीला मांडी लावून बसत. हेमगोर्डेनमध्ये चूल एक होती आणि ताटे साठ दारांआड वेगवेगळी वाढली जात होती. शेजाऱ्याशी शेजाऱ्याची गाठ पडावी असा प्रसंग त्या व्यवस्थेने एकही ठेवला नव्हता. १९१८ साली संस्थेचे दिवाळे निघाले आणि बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून स्वयंपाकघरे बांधून घेण्यात आली. एकमेकांवाचून अडावे असे त्या साठ घरांत काही निर्माणच झाले नव्हते, असे मला वाटते.

दुसरा प्रयोग विचाराने कितीतरी खोल होता, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या स्त्रीविषयी मला अतोनात आदर आहे. आल्वा म्यूर्दाल हे नाव आपल्याकडील जुन्या पिढीला अपरिचित नसावे; १९५५ ते १९६१ या काळात त्या स्वीडनच्या राजदूत म्हणून दिल्लीत होत्या, आणि पुढे १९८२ साली शांततेच्या नोबेल पारितोषिकाच्या त्या सहमानकरी झाल्या. १९३२ साली, ऐन तिशीत, त्यांनी एका लेखात असे चित्र उभे केले होते की एका इमारतीत वीस घरे आहेत, वीसही घरांत एकाच वेळी वीस स्त्रिया आपापल्या तव्यावर मांसाचे गोळे तळीत आहेत, आणि लहान मुले आपापल्या खोलीत एकेकटी कोंडलेली आहेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीला घर आणि काम यांपैकी एक निवडण्याची पाळी येऊ नये, यासाठी इमारतीनेच घरकामाचा भार उचलावा, हे त्यांचे म्हणणे होते. वास्तुविशारद स्वेन मार्केलियस यांनी ते चुन्याविटांत उतरविले: १९३५ साली कुंग्सहोल्मेन बेटावर, जॉन एरिक्सन रस्त्याच्या सहा क्रमांकावर, सत्तावन्न बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली. तळमजल्यावर उपाहारगृह आणि शिशुगृह. बिऱ्हाडात जेमतेम चहापुरता ओटा. मळके कपडे खाली धुलाईघरात टाकण्यासाठी भिंतीतून उतरती नळी. आणि येथेही तो अन्नाचा पाळणा होताच. मार्केलियस स्वतः पुष्कळ वर्षे तेथेच राहिले, आणि आपण बांधलेल्या घरात आपण राहावे ही निष्ठा मला मोठी वाटते.

ज्या सामान्य कुटुंबांकडे पाहून ही कल्पना जन्मली होती त्यांच्यापेक्षा सुधारणावादी बुद्धिजीवींनीच ती बिऱ्हाडे अधिक घेतली, आणि काळाच्या ओघात पाळणा निकामी होऊन पडला. शिशुगृहामुळे स्त्रिया मोकळ्या झाल्या, हे श्रेय त्या इमारतीचे नाकारता येणार नाही. परंतु तेथेही अन्न शिजविणारे हात पगारी होते आणि राहणारा हा गिऱ्हाईकच राहिला. बांधकाम व्यावसायिक ओले एंगक्विस्ट यांनी पुढे 'कुटुंब-हॉटेले' या नावाने हाच नमुना वाढविला. तेथे तर भाडेकरूने दरमहा ठरावीक जेवणांची कुपने विकत घेतलीच पाहिजेत अशी करारात अट असे, कारण त्यावाचून भटारखान्याचा खर्च भागत नसे.

आणि येथेच, ज्या ठिकाणी ही परंपरा संपायची, त्याच ठिकाणी तिला खरा जीव आला. हेसेल्बी येथील एंगक्विस्ट यांच्या मोठ्या कुटुंब-हॉटेलातील भोजनव्यवस्था १९७६ साली मालकपक्षाने बंद केली. भाडेकरूंतील काही मंडळी गप्प बसली नाहीत. त्यांनी आळीपाळीने स्वतःच स्वयंपाक करावयास घेतला. तो जमतो, स्वस्तही पडतो आणि रांधता रांधता माणसे एकमेकांची होतात, हे त्यांना रांधल्यावर कळले. त्याच सुमारास 'बू ई येमेन्स्काप', म्हणजे 'एकत्र राहणे', या नावाने काही नोकरदार स्त्रियांचा एक गट विचार करीत होता. त्यांनी सिद्धान्त मांडला तो असा की घरकाम नाहीसे करण्याच्या मागे लागू नये, ते वाटून घ्यावे. आणि त्यासाठी पाचशे माणसांचे हॉटेल नको, साधारण वीस ते पन्नास घरांचा मेळ पुरे. मोलकरणीपासून सुटका शोधत निघालेली वाट सत्तर वर्षांनी शेजाऱ्याच्या हातातील पळीपाशी येऊन पोहोचली. १९८० च्या दशकात नगरपालिकांच्या गृहकंपन्यांनी या नमुन्याची अनेक घरे बांधली.

त्यांपुढच्या पिढीतले एक, 'फेर्डक्नेप्पेन', १९९३ साली सोदरमाल्ममध्ये उभे राहिले: त्रेचाळीस बिऱ्हाडे, आणि तीही आयुष्याच्या उत्तरार्धात आलेल्या, घरी मुले नसलेल्या माणसांसाठी. प्रत्येक बिऱ्हाडाचे क्षेत्रफळ थोडे कमी करून ती जागा सामाईक स्वयंपाकघराला, भोजनगृहाला, वाचनालयाला आणि विणकामाच्या दालनाला दिली आहे. आठवड्यातील कामाच्या दिवशी संध्याकाळचे जेवण एकत्र होते आणि रांधण्याची पाळी सुमारे सहा आठवड्यांनी एकदा येते. म्हणजे एक आठवडा कष्ट, आणि मग पाच आठवडे घरी परतताच शिजलेल्या अन्नाचा वास.

आजच्या सहनिवासांना स्टॉकहोममध्ये गिऱ्हाईक मिळते याचे कारण उघड आहे: भाड्याच्या घरांसाठी नगरपालिकेच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबावे लागते, आणि परगावाहून चार महिन्यांसाठी आलेल्याला तेवढा अवकाश कोठला? त्यामुळे तो कोणाच्या तरी पोटभाडेकरूच्या हक्काने नाही तर सहनिवासाच्या दाराने शहरात शिरतो. परंतु दिवसभर संगणकापुढे एकट्याने बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी जे हवे असते ते पाळण्यातून वर येत नाही. भाचीपुढच्या पत्रकांत झाडलोट, न्याहारी, धुलाई अशा सेवांची जी यादी होती ती मला हेमगोर्डेनच्या जाहिरातीसारखी वाटली, आणि तसे मी तिला स्पष्ट सांगितले.

तिने चारही ठिकाणी एकच प्रश्न लिहून पाठविला: माझी रांधण्याची पाळी केव्हा येईल? तिघांनी न्याहारीच्या वेळा कळविल्या. चौथ्याकडून भिंतीवर टांगलेल्या एका तक्त्याचे छायाचित्र आले. त्यात शाईने लिहिलेली नावे होती, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातला एक चौकोन कोरा होता. तीस माणसांच्या पिठल्याला बेसन किती लागेल, हे ती सध्या आपल्या आईला विचारते आहे.